भाषा तीन, लिप्या चार

सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात झीझा नावाचा बाराव्या शतकातील राजवाडा आहे. तेथील संग्रहालयात एका थडग्यावरचा संगमरवरी दगड पाहिल्यापासून युरोपातील विविधतेचा विषय निघाला की मला तोच आठवतो. राजदरबारातील ग्रिसांदुस नावाच्या पाद्र्याने आपल्या आईसाठी, आन्नासाठी, तो कोरून घेतला. मधोमध क्रूस आणि भोवती एकाच मृत्यूची नोंद चार वेळा: लॅटिन, ग्रीक, अरबी आणि पुन्हा अरबीच, परंतु हिब्रू अक्षरांत. प्रत्येक मजकुराची कालगणनाही वेगळी आहे, त्यामुळे लॅटिनमध्ये ज्या वर्षाला 1148 म्हटले आहे तेच अरबीत हिजरी 543 होते.

उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन सरदारांनी पालेर्मो 1072 मध्ये जिंकले, तेव्हा तेथे दोनशेहून अधिक वर्षे मुसलमानांची सत्ता नांदलेली होती आणि बेटावर ग्रीक बोलणारी जुनी वस्तीही होती. मूठभर नॉर्मनांना जमीनमहसुलाची दफ्तरे अरबी व ग्रीक कारकुनांवाचून चालवता येणे शक्यच नव्हते. या सहजीवनाला उदारपणाचे नाव देण्याची आपल्याला घाई होते. मला त्यात गरज आणि राजाची हौस अधिक दिसते.

हौस किती, हे नॉर्मन राजवाड्यातील (झीझा नव्हे, दुसऱ्या) कापेल्ला पालातिना या प्रार्थनामंदिरात कळते. नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरने बांधलेल्या या मंदिराचा अभिषेक 1140 मध्ये झाला. भिंतींवर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, पद्धतीचे सोनेरी मोझेक आहे, संतांच्या नावांची अक्षरे ग्रीक आहेत, मांडणी पाश्चात्त्य चर्चची, आणि डोक्यावर मात्र लाकडी मुकर्णस छत: लहान लहान कोनाडे एकाखाली एक असे लोंबत आलेले, आणि प्रत्येक कोनाड्याच्या आत चित्रे. मान दुखेपर्यंत पाहिले तेव्हा वादक दिसले, प्याले घेतलेली माणसे दिसली, बुद्धिबळाचा डावही दिसला. खाली येशू, वर दरबारी मैफल! चित्रांच्या कडेने कूफी वळणाच्या अरबी अक्षरांत राजासाठी शुभेच्छा लिहिल्या आहेत, ज्या खाली उभे राहून वाचणे कोणालाही जमणार नाही.

सान काताल्दो चर्चचे लाल घुमट, ज्यांचे छायाचित्र प्रत्येक पर्यटक काढतो (मीही काढले), तो लाल रंग मात्र एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळचा आहे.

हे सारे फार काळ टिकले नाही. 1189 नंतरच्या दंगलींत पालेर्मोतील मुसलमानांना शहर सोडावे लागले, आणि पुढे रॉजरचाच नातू, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने बेटावरील उरलेल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हलवले. युनेस्कोने 2015 मध्ये येथील अरब-नॉर्मन वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या वास्तू बांधणाऱ्या हातांचे वंशज तेथून जाऊन तोवर आठशे वर्षे होत आली होती.

पालेर्मोच्या कॅथेड्रलच्या दक्षिणेकडील देवडीत डावीकडच्या एका खांबावर कुराणातील आयत कोरलेली आहे. आम्ही पोहोचलो त्या दुपारी आत लग्न लागत होते, आणि बाहेर थांबलेले वऱ्हाडातले एक आजोबा त्याच खांबाला पाठ टेकवून, डोळे मिटून उन्हापासून आडोसा घेत होते.