आमची वाटचाल : तीन मापांच्या बाजारात मापाचा स्प्लिंट

हाताचे स्प्लिंट (सांधे हव्या त्या स्थितीत धरून ठेवणारे आधार), भाजलेल्या रुग्णांचे प्रेशर गारमेंट (व्रणावर सतत दाब देणारे घट्ट कपडे) आणि रोजच्या कामांसाठीची साधनं, एवढाच आमचा धंदा. सुरुवात दोघांची: एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारे, आणि एक शिवणकामातले मास्तर. हात साच्यातून निघत नाही, तेव्हा स्प्लिंटही साच्यातून काढायचा नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं आणि आजही तसंच आहे. मधली स्थिर वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम येत होतं, जात होतं. सांगायचं आहे ते ज्या काळात धंदा बंद व्हायची पाळी आली त्याबद्दल.

बाजारात एक स्पर्धक उतरला. त्याचा माल तयार: स्मॉल, मीडियम, लार्ज, डावा आणि उजवा. आमच्या कामाचा मोठा हिस्सा ज्या एका रुग्णालयातून यायचा, तिथल्या खरेदी विभागाने नगाच्या हिशेबाने तुलना केली. कागदावर दोन्हीकडे एकच नाव, ‘रेस्टिंग हँड स्प्लिंट’, म्हणजे हात विश्रांतीत धरून ठेवणारा. त्यात आम्ही महाग ठरलो. रुग्णालयाचं नाव घेत नाही, पण झालेला अन्याय विसरलेलोही नाही. तुलना नावांची झाली, हातांची नाही.

फरक कुठे पडतो ते सांगतो. मनगट थोडं मागे धरणाऱ्या कॉक-अप स्प्लिंटची पुढची कड तळहातावरच्या शेवटच्या घडीच्या अलीकडे थांबली पाहिजे. ही घडी तिरकी असते, म्हणून कड तर्जनीकडे थोडी पुढे आणि करंगळीकडे मागे यायला हवी. तयार मालात ती सरळ कापलेली असते. मग करंगळी आणि अनामिका मुळातून पूर्ण वाकत नाहीत, मूठ अर्धी राहते, आणि रुग्ण ‘याने काम होत नाही’ म्हणून स्प्लिंट काढून ठेवतो. दुसरी जागा म्हणजे मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूचं वर आलेलं हाड. तिथे थेरपी पुट्टीचा (व्यायामाच्या मऊ लगद्याचा) छोटा गोळा किंवा पॅड ठेवून त्यावरून शीट, म्हणजे गरम पाण्यात मऊ होणारा स्प्लिंटचा प्लास्टिकचा पत्रा, बसवायची आणि गार झाल्यावर तो काढायचा, म्हणजे खोलगट जागा मिळते. शीट आधी बसवून आतून पॅड चिकटवला तर दाब कमी होत नाही, उलट वाढतो. तिसरी गोष्ट तळहाताची कमान. सपाट स्प्लिंट ती दाबून टाकतो आणि अंगठा करंगळीसमोर यायचा बंद होतो.

भाजलेल्या हातात तर ही चूक महिनोन्महिने भोगावी लागते. हाताची मागची बाजू भाजली की मनगट खाली पडतं, बोटं मुळाच्या सांध्यात मागे वळतात आणि मधल्या सांध्यात आकसतात. म्हणून मनगट २० ते ३० अंश मागे, मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, पुढचे दोन्ही सांधे सरळ आणि अंगठा तळहातापासून दूर असा हात ठेवायचा. मुळाचा सांधा सरळ असताना त्याच्या बाजूचे अस्थिबंध सैल असतात आणि तसेच राहिले तर आखडतात. वाकलेल्या सांध्यात ते ताणलेले राहतात. तयार स्प्लिंटमध्ये हा सांधा जेमतेम ३०-४० अंश वाकवलेला असतो. पक्षाघाताच्या रुग्णाला विश्रांतीसाठी तेवढं चालून जातं, भाजलेल्या हाताला नाही. खरेदी विभागाने मात्र दोघांना एकच डबा दिला.

त्या काळात आम्हाला ज्यांनी टिकवलं, त्या म्हणजे भाजलेल्यांच्या आणि मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एक ज्येष्ठ थेरपिस्ट. आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांची चिठ्ठी तीन ओळींची असायची: निदान, सांध्यांचे कोन आणि या हाताने काय करायचं आहे. ‘मोबाइल धरणे’, ‘चमच्याने जेवणे’, ‘चाकाची खुर्ची ढकलणे’. तिसरी ओळ वाचून आम्ही दोनदा सी-सहा पातळीच्या, म्हणजे मानेत मज्जारज्जूला झालेल्या इजेतला स्प्लिंट पुन्हा घडवला आहे. त्या रुग्णाला मनगट वर उचलता येतं, बोटं हलवता येत नाहीत. मनगट उचललं की बोटांचे कंडरे आपोआप ताणले जाऊन मूठ मिटते आणि अंगठा तर्जनीच्या बाजूला टेकतो. मनगट सोडलं की मूठ उघडते. वस्तू धरायची त्याची सगळी मदार याच पकडीवर असते. मनगट मागे आणि बोटंही सरळ असा हात रोज ताणून ठेवला तर कंडरे लांबतात आणि पकड सैल होते, मग पेलाही धरता येत नाही. म्हणून मनगट मागे तेव्हा बोटं वळलेली, आणि बोटं सरळ करायची असतील तेव्हा मनगट खाली, हा नियम नातेवाइकांनाही शिकवावा लागतो. हौसेने मालिश करणारा भाऊ ही पकड नकळत घालवू शकतो.

मास्तरांविषयी लिहिल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही. प्रेशर गारमेंटचं माप दर ४ सेंटीमीटरवर घ्यायचं, ते प्रत्येक परिघापेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी करून बेतायचं आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, ही शिस्त त्यांची. उद्दिष्ट साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाचं असतं. कपडा दिवसातले २३ तास अंगावर हवा, फक्त आंघोळीपुरता काढायचा. जखम पूर्ण भरून कातडी टिकाऊ झाल्यावरच तो सुरू करायचा, नाहीतर घासून फोड येतात. दोन संच लागतात, एक अंगावर आणि एक धुण्यात, आणि तीनेक महिन्यांत ताण गेला की नवं माप घ्यायचं. बोटांच्या बेचक्यांत दाब पोचत नाही, तिथे मास्तर वेगळी पट्टी शिवतात. लहान मुलांच्या बाबतीत ते बाह्यांची लांबी दर भेटीला पुन्हा मोजतात, कारण मूल वाढतं आणि व्रण वाढत नाही. स्पर्धकाकडे गारमेंटही तीन मापांत मिळायचे. मास्तरांनी ते उलटून शिवण पाहिली आणि बाजूला ठेवले.

आता कामाच्या टेबलाबद्दल, कारण नव्याने सुरू करणारे पहिला पैसा चुकीच्या जागी घालतात. थर्मोस्टॅट असलेला, पसरट, शीट आडवी बुडेल असा वॉटर बाथ घ्या. कमी तापमानाची शीट ६५ ते ७५ अंशांना मऊ होते. पाणी उकळलं तर ती ताणली जाऊन पातळ होते आणि रुग्णाचा हातही भाजतो. बाहेर काढून कोरडी करा, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा, मगच रुग्णाच्या हातावर ठेवा. ३.२ मिलिमीटर जाडीला साधारण तीन ते पाच मिनिटं मिळतात, १.६ मिलिमीटरला त्याहून पुष्कळ कमी, म्हणून बोटांचे स्प्लिंट करताना पट्ट्या आधीच कापून ठेवा. नमुना कागदावर काढा, तो हातावर लावून बघा, मगच शीटवर उतरवा. शाईच्या पेनाने खूण करू नका, ती जात नाही. कात्री गरम शीटवरच लांब वाराने चालवा आणि पाती पूर्ण मिटू नका, मिटली की कडेला दातरं पडतात. कोपरे गोल, कडा किंचित बाहेर वळवलेल्या. हीट गन फक्त कडा आणि व्हेल्क्रोसाठी. पूर्ण स्प्लिंट तिने मऊ करायला गेलं की एक जागा वितळते आणि शेजारची कडकच राहते. व्हेल्क्रो चिकटवण्यापूर्वी शीटचा वरचा गुळगुळीत थर खरवडा आणि चिकट बाजू किंचित तापवा, नाहीतर आठवड्यात पट्टा निघतो. स्प्लिंटच्या मनगटामागच्या भागाची लांबी मनगट ते कोपर या अंतराच्या दोन-तृतीयांश, रुंदी हाताच्या परिघाच्या निम्मी. आखूड स्प्लिंट वरच्या टोकाला टोचतो.

घालून २० मिनिटं बसवून ठेवल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नका. काढल्यावर लाली दिसली आणि पुढच्या २० मिनिटांत गेली नाही, तर तिथे शीट पुन्हा गरम करून वाकवायची. कुष्ठरोगाच्या किंवा मधुमेहाच्या बधिर हातात रुग्ण ‘दुखत नाही’ असंच सांगणार. तिथे त्याच्या शब्दावर नाही, आपल्या डोळ्यांवर विसंबायचं. पक्षाघातात सूज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असते, म्हणून पट्टे रुंद आणि सोडता येणारे ठेवा, घट्ट बांधलेला अरुंद पट्टा सूज वाढवतो. मॅलेट बोटाला, म्हणजे टोकाचा कंडरा तुटून टोक खाली पडलेल्या बोटाला, टोकाचा सांधा सहा ते आठ आठवडे अखंड सरळ हवा. धुताना बोट टेबलावर टेकवूनच स्प्लिंट काढायचा. बोट एकदा वाकलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटात मज्जातंतू दाबला जातो त्या आजारात, मनगट सरळ, शून्य अंशावर. सवयीने २० अंश मागे नेलेला स्प्लिंट तिथे मज्जातंतूवरचा दाब वाढवतो.

साधनांचं काम त्या मानाने सोपं, तरी विचार लागतोच. संधिवातात चमच्याची मूठ फोमने जाड करतो, म्हणजे बोटं कमी आवळावी लागतात. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी चिरायच्या फळीला खाली सक्शन कप, एका कोपऱ्याला उभी कड आणि वर दोन गंजरोधक खिळे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या खुर्चीत आधी कंबर स्थिर करायची, मग पावलं टेकवायची, मग हात. पाय लोंबकळत असतील तर हात स्वतःला सावरण्यातच अडकतो आणि पेन्सिलची मूठ बदलून काही होत नाही. स्मृतिभ्रंशात साधन वाढवायचं नाही, पायऱ्या कमी करायच्या: एका वेळी एकच कपडा समोर, ताटाचा रंग अन्नाहून वेगळा.

ते रुग्णालय पूर्वीइतकं काम पाठवत नाही. तयार माल आजही तिथे जातो आणि तिथलेच काही थेरपिस्ट तो रात्री वॉटर बाथमध्ये बुडवून हाताप्रमाणे पुन्हा वाकवायला बघतात. त्यातला निम्मा माल गरम पाण्यात मऊच होत नाही, कारण तो जास्त तापमानाचा प्लास्टिक असतो. त्यांनी तो आमच्याकडे आणावा. आम्ही तो जपून बाजूला ठेवतो, हात मोजतो आणि नव्याने करतो.

नवी ऑर्डर देताना हाताची बाह्यरेखा कागदावर घ्या, पेन्सिल सरळ उभी धरून, तिरकी धरली की माप चुकतं. मनगटाची दोन्ही हाडं, बोटांच्या मुळाचे सांधे आणि अंगठ्याची बेचकी ठिपक्यांनी दाखवा. डावा की उजवा ते रेखेच्या आत लिहा, बाहेर नको, कागद उलटला की गोंधळ होतो. आणि मॅडमची तिसरी ओळ अवश्य भरा. ती कोरी असेल तर आम्ही शीट कापत नाही, आधी फोन करतो.