चालकाविना गाडी आणि पोलिसांची पोच : माझा अनुभव

कॅलिफोर्नियात चालकाविना गाडी चाचणीसाठी रस्त्यावर उतरवायची, तर राज्याच्या मोटार वाहन विभागाचा परवाना लागतो. पन्नास लाख डॉलरचे विमासंरक्षण, स्थानिक प्रशासनाला लेखी सूचना वगैरे गोष्टी आमच्या छोट्या कंपनीत बिनबोभाट पार पडल्या. घोडे अडले ते २०१८ पासून बंधनकारक असलेल्या पोलीस-संपर्क आराखड्यापाशी.

दूरस्थ ऑपरेटरशी, म्हणजे लांबून गाडीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाशी, कसे बोलायचे, नोंदणीचे आणि विम्याचे कागद गाडीत कुठे सापडतील, गाडी रस्त्यावरून सुरक्षितपणे कशी हलवायची, स्वयंचलित यंत्रणा खरोखर बंद झाल्याची खात्री कशी करायची, हे सर्व त्यात लिहावे लागते. लिहून झाले. मात्र गाडी जिथे धावणार तिथल्या पोलीस व अग्निशमन दलांना तो द्यावाही लागतो, आणि एका शहराच्या पोलीस खात्याने इथे आमचा अंत पाहिला. वाहतूक शाखा म्हणे, विधी विभागाकडे द्या; विधी विभाग म्हणे, आम्ही फक्त करार तपासतो, नियंत्रण कक्षाला विचारा; आणि नियंत्रण कक्ष पुन्हा वाहतूक शाखेकडे बोट दाखवी. वास्तविक नियमाने पोलिसांची मंजुरी मागितलेलीच नाही; पण हातात पोच असल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायला आमचे वकील तयार नव्हते.

अखेर एका सार्जंट बाईंनी गाडी घेऊन वाहनतळावर बोलावले. जाडजूड आराखडा त्यांनी बॉनेटवर ठेवला, हातमोजा न काढताच मदतीचे बटण दाबून पाहिले आणि विचारले, "रात्री दोन वाजता हा फोन माणूस उचलतो की यंत्र?" त्यांनी तिथूनच नंबर फिरवला. आमच्या सहकाऱ्याचा आवाज आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

म्हणून फोन नंबर पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावा. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ साली पोलिसांनी थांबवलेली एक रिकामी गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली होती, त्यामुळे "ही पुन्हा सुटणार नाही ना?" हा प्रश्न येणारच, त्याचे उत्तर चित्रासह द्यावे. आणि हो, विजेवरच्या गाडीचा वीजप्रवाह तोडण्यासाठी केबल कुठे कापायची हे अग्निशमन दलाला प्रत्यक्ष गाडीवरच दाखवावे.

आराखड्याचा वर्षातून किमान एकदा फेरआढावा घ्यावा लागतो. यंदाची प्रत मी ईमेलने न पाठवता थेट त्या सार्जंट बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे आणि पोचेवर सही घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.