ॲक्स, थर्ड आणि आईचं नुस्कान

अटलांटात नोकरीला लागून पंधरा दिवस झाले होते. मीटिंग गुरुवारी होती, मला बुधवारी हवी होती. मी बिनधास्त मेल टाकला, 'कॅन वी प्रीपोन?' पलीकडून नुसतं प्रश्नचिन्ह आलं. लातूरला क्लासच्या बोर्डावर 'टेस्ट प्रीपोन' वाचत मोठा झालेला मी. हा शब्द आपल्या देशाबाहेर फारसा चालत नाही हे तिथं कळलं. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, पण 'भारतीय इंग्रजी' अशी पाटी गळ्यात अडकवून.

त्याच मॅनेजरच्या तोंडी सारखं 'इररिगार्डलेस'. अरे, रिगार्डलेसमध्ये नकार आहेच की, वर आणखी एक कशाला? मी मनातल्या मनात लाल पेन चालवायचो. नंतर बघितलं तर वेबस्टरच्या मोठ्या कोशात हा शब्द १९३४ पासून बसलाय. 'अप्रमाण' असा शेरा आहे, पण लोक बोलतात म्हणून नोंद आहे.

खरी जिरली ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंमुळे. त्या 'आस्क'ला 'ॲक्स' म्हणतात. मी घरी नक्कल करून हसलो होतो. पुढं वाचनात आलं की जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं नांदत होती आणि १५३५ च्या छापील इंग्रजी बायबलमध्ये 'मागा म्हणजे मिळेल' या वाक्यात चक्क 'ॲक्स' आहे. म्हणजे बाईंचं रूप काही काल-परवाचं नव्हे. अक्षरांची ही अदलाबदल इंग्रजीत जुनीच. बर्ड पूर्वी 'ब्रिड' होता. 'थ्री'त र आधी येतो, 'थर्ड'मध्ये मागं सरकतो. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही.

आपल्याकडं याला वर्णविपर्यय म्हणतात. आमच्या औसा तालुक्यात मात्र याला छडी होती. पाचवीत मी 'नुस्कान' म्हणालो आणि गुरुजींनी 'नुकसान' दहा वेळा लिहून घेतलं. गंमत म्हणजे ते शुद्ध नुकसानसुद्धा अरबीतून फारसीमार्गे आलेलं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं होता. असे किती पाहुणे आमच्या ओसरीवर कायमचे राहिले, कोण मोजणार!

परवा आईचा फोन आला.

"पाऊस थांबंना गेलाय बघ. सोयाबीन समदं पाण्यात. लई नुस्कान झालं."

इथं जन्मलेला माझा पोरगा मागून म्हणाला, "आजी, नुकसान."

"हां, त्येच की," आई म्हणाली. "तू काय करूलालास? जेवलास का?"

तो माझ्याकडं बघायला लागला. 'करूलालास' त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.