लेकीचे दोन पासपोर्ट

माझ्या मुलीचा जन्म न्यू जर्सीत झाल्यामुळे ती जन्मानेच अमेरिकन नागरिक आहे, आणि आम्ही लंडनला स्थायिक झाल्यावर तिला ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते, त्यामुळे कोणत्या वेळी कोणता पासपोर्ट दाखवायचा हा प्रश्न आम्हा नवराबायकोला कधी पडलाच नव्हता.

तिला घेऊन पहिल्यांदा न्यूअर्कला निघालो तेव्हा तिकिटावर मी तिच्या ब्रिटिश पासपोर्टचा क्रमांक भरला होता. हीथ्रोच्या चेक-इन काउंटरवर तिची ईएस्टा परवानगी मागितली गेली. ही परवानगी परदेशी पाहुण्यांसाठी असते, अमेरिकन नागरिकाला ती मिळतच नाही. आणि तिचा अमेरिकन पासपोर्ट घरी कपाटात होता. तो आणेपर्यंत विमान निघून गेले. आपल्या नागरिकाने देशात येताना आणि देशाबाहेर जाताना अमेरिकन पासपोर्टच बाळगावा, असे अमेरिकेचा कायदा सांगतो, हे मी त्या दिवशी नीट वाचले.

विमान कंपनीला एकच गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे उतरण्याच्या देशात या प्रवाशाला प्रवेश मिळेल की नाही. म्हणून अमेरिकेला जाताना कंपनीला अमेरिकन पासपोर्टचा तपशील द्यावा आणि लंडनला परतताना ब्रिटिश पासपोर्टचा. अमेरिकन पासपोर्टवर ब्रिटनला येणाऱ्यांना ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए (ईएस्टासारखाच ब्रिटनचा प्रवासपूर्व परवाना) लागतो, आणि तो ब्रिटिश नागरिकाला दिला जात नाही. त्यामुळे परतीच्या वाटेवरही नेमकी तीच अडचण उभी राहू शकते. दोन्ही पासपोर्टवरील नाव मात्र अक्षरशः सारखे असावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, ते एकीकडे लिहिले आणि दुसरीकडे गाळले असे होऊ देऊ नये, असे मी प्रत्येक नव्या आईवडिलांना आवर्जून सांगते.

मुंबईच्या प्रवासात दोन्ही पासपोर्ट लागतात. तिच्या ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) अमेरिकन पासपोर्टचा क्रमांक असल्याने मुंबईत इमिग्रेशनपुढे आम्ही तोच पासपोर्ट आणि कार्ड ठेवतो, आणि भारतातून निघतानाही तोच, कारण ज्या पासपोर्टवर देशात प्रवेश केला त्याच पासपोर्टवर बाहेर पडायचे असते. ब्रिटिश पासपोर्ट मात्र त्याआधी चेक-इन काउंटरवरच दाखवतो, म्हणजे लंडनच्या प्रवेशाचा प्रश्न तिथेच मिटतो.