प्रश्नांची वेळ आणि माइकची शिट्टी

विद्यापीठातलं आजचं जाहीर व्याख्यान, विषय विज्ञान आणि संस्कृती. म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांचा उल्लेख आलाच. १९५९ साली केंब्रिजच्या रीड व्याख्यानात त्यांनी म्हटलं होतं की वैज्ञानिक आणि साहित्यिक यांच्यातला संवादच तुटलाय. आज संवाद तुटला तो माइकमुळे!

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध लागतो. तो एका बाजूला लावला आणि वक्ता पडद्याकडे मान वळवून बोलायला लागला की आवाज पडतो. मग ऑपरेटर आवाज चढवतो, स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचे. वक्त्यासमोर खाली एक लॅपटॉप ठेवला, की मागे वळायची गरजच उरत नाही.

तासाभरात ४५ मिनिटं व्याख्यान, १५ मिनिटं प्रश्न. परिचय दोन मिनिटांत उरकला नाही तर ती वेळ कापली जाते प्रश्नांतूनच, आणि लोक तर त्यासाठीच थांबलेले असतात.

प्रश्नांचा माइक स्वयंसेवकाने स्वतःच्या हातात धरावा. एकदा श्रोत्याच्या हाती गेला की प्रश्नाचं भाषण होतं, मग तो परत मिळवणं अवघड. पुढच्या रांगेतून कुणी माइकशिवाय विचारलंच, तर अध्यक्षांनी प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगायचा. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरं ऐकू येतात, तीही कशाची ते कळत नाही.