बॅसेट हॉर्न आणि सव्वा मिलिलिटर पाणी

माझ्याकडे दुरुस्तीला येतात ती बहुतेक बी फ्लॅट क्लॅरिनेट, अधूनमधून बेस, बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटच्याच घराण्यातलं, खालच्या सुरांचं वाद्य) मात्र फार क्वचित, त्यामुळे त्या दिवशी केस उघडली तेव्हा आधी नुसता बघतच बसलो. वाकडी नेक, धातूची वर वळलेली बेल (नळीचं शेवटचं रुंद तोंड), आणि नेहमीच्या ईच्या खाली पार सीपर्यंत नेणाऱ्या जादा कीज. वाजवणाऱ्या बाईंना मोझार्टच्या रेक्विएममध्ये वाजवायचं होतं आणि तालीम चार दिवसांवर. त्यात बासरी नाही, ओबो नाही, सुरुवातीलाच बसून नावाचं वाद्य आणि बॅसेट हॉर्न उघडे पडतात, तिथे सूर हलला तर झाकणारं कोणीच नाही.

"मधले सूर खाली पडतात हो, ओठ आवळून आवळून दुखायला लागलेत, जाड रीड लावली तरी तेच." रीड म्हणजे माउथपीसवर बांधलेली, थरथरून आवाज काढणारी पट्टी. आधी एकाने सगळे पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) बदलून दिले होते, दुसऱ्याने सांगितलं की हे वाद्यच असं असतं. हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण वाजवणारा माणूस मग सगळा दोष स्वतःकडे घेतो.

मी हत्यारं उचलायच्या आधी कागद घेतो. ट्यूनर माझ्याकडे वळवून ठेवला (समोर काटा दिसला की वाजवणारा नकळत सूर सावरतो) आणि त्यांना म्हटलं ओठांनी काही दुरुस्त करू नका, जसा येईल तसा येऊ दे. वाद्य एफमधलं, म्हणजे लिहिलेला ए वाजवला की ट्यूनरवर डी दिसतो, ते डोक्यात ठेवून एकेक आकडा लिहीत गेलो. तळाचा सी ११ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) खाली, ई १२, मग वर येता येता वाढतच जातं, थ्रोटचा, म्हणजे वरच्या आखूड नळीवर वाजणारा, जी ३२ आणि ए चक्क ३५ सेंट खाली. त्याच्या लगेच वरचा बी, जो रजिस्टर की (सूर वरच्या पट्टीत नेणारी की) दाबून जवळपास पूर्ण नळीवर वाजतो, तो परत १३ वर. म्हणजे ए ते बी हा नेहमीचाच अवघड सांधा, आणि त्यात ही २२ सेंटची फट. नेक पूर्ण आत ढकललेली, अजून आत जायला जागा नाही.

हे आकडे पाहिले आणि मला माउथपीसचाच, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचाच, संशय आला. वरच्या टोकाला नळी थोडी जास्त लांब असल्यासारखी वागली तर लांब नळीच्या सुरांना फारसं कळत नाही, पण थ्रोटच्या सुरांची नळी मुळातच आखूड, तिथे तेवढीच जादा लांबी खूप टोचते. पॅड गळत असते तर आकडे असे ओळीने वाढले नसते.

माउथपीस काढला तर कॉर्क जवळजवळ संपेपर्यंत घासलेला, कोणीतरी जबरदस्तीने बसवलेला. तो आल्टो क्लॅरिनेटचा, म्हणजे मोठ्या क्लॅरिनेटचा होता. वाद्य विकणाऱ्याने "बॅसेट हॉर्नला आल्टोचाच लागतो" असं सांगून दिलेला. रुंद बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) बॅसेट हॉर्नला लागतोही, पण अरुंद बोअरचे असतात त्यांना साध्या क्लॅरिनेटचा लागतो, आणि ह्याचा बोअर मोजला तर १६ मिलिमीटर.

मग सिरिंज काढली. रीड लावून, टोक मेणाने बंद करून माउथपीस उलटा धरायचा आणि किती पाणी मावतं ते मोजायचं. त्यांच्या बॅगेत त्यांचा रोजचा बी फ्लॅटचा माउथपीस होताच, त्याच्यापेक्षा आल्टोच्यात सव्वा मिलिलिटर जास्त मावलं. १६ मिलिमीटरच्या नळीत एक मिलिलिटर म्हणजे ५ मिलिमीटर लांबी, तर सव्वा म्हणजे साधारण ६, आणि ६ मिलिमीटरने ए ३५ च्या आसपास उतरतो, ई १३. कागदावरचेच आकडे! खात्रीसाठी आल्टोच्या आत थोडं प्लॅस्टिसिन चिकटवलं तर ए १७ सेंट चढला, ई जेमतेम ६, आवाज मात्र घुसमटला. नेक ६ मिलिमीटर कापली असती तरी सूर कदाचित जमला असता, पण कापलेलं परत जोडता येत नाही, ते माझ्या हातून होणार नाही.

बी फ्लॅटचा माउथपीस लावला, सूर लागले, पण दर चारपाच सुरांनी चिरकायला लागला. "घरी पण कधीकधी चिरकतो, रीड जरा बाजूला सरकवली की थांबतो." माउथपीस काचेवर ठेवून ०.०४ मिलिमीटरचं फीलर (मोजायची पातळ पट्टी) सरकवलं तर एका रेलवर (रीड टेकते त्या कडेवर) १७ मिलिमीटरवर अडलं, दुसरीवर १६ वर, म्हणजे दोन्ही कडा सारख्या नाहीत, म्हणून चिरकणं. बारीक पॉलिश पेपर काचेवर, दोनतीन हलके हात, परत मोजायचं, परत दोन हात, घाई केली की माउथपीस गेलाच. ह्यात तासभर गेला. खालच्या डीचा पॅड फार कमी उघडत होता, त्याचा कॉर्क पातळ करून तो सूर मोकळा केला.

शेवटी ई बरोबर काट्यावर, ए ३ सेंट वर. हे मला हवंच होतं, कारण थ्रोटचा सूर चढा असेल तर उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवून उतरवता येतो, उतरलेला असेल तर बोटं काही करू शकत नाहीत. बाईंनी ए वाजवला, मग बी, मग परत ए, आणि वाद्य खाली ठेवून म्हणाल्या, "मी दोन वर्षं चावत होते हो."

आल्टोचा माउथपीस मी त्यांनाच परत दिला, वर चिठ्ठी बांधून: ह्या वाद्याला लावू नये.