काय दिसलं तर हरलो म्हणाल?

२७ फेब्रुवारी ही कुसुमाग्रजांची जयंती, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन, कारण रामन परिणामाचा शोध १९२८च्या २८ फेब्रुवारीचा. हे दोन दिवस असे शेजारी शेजारी आले, तेही आमच्या तात्यासाहेबांच्या नाशकात! आमच्या मंडळाने पहिला दिवस कवितेला दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते सात वाद ठेवला. विषय विश्वाचा, काळाचा, नाहीतर अणूचा, भाषा मराठीच. बोलणारे कोणी शास्त्रज्ञ नव्हते. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, ओझरच्या कारखान्यातले फिटर, बँकेतल्या ताई आणि अकरावी-बारावीची पोरं.

दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल हे सगळं दरवर्षीसारखं होई. मात्र उपस्थितीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. २७ला खुर्च्या कमी पडायच्या, सतरंज्या अंथराव्या लागायच्या. जाताना सगळे "उद्या नक्की येतो हं" म्हणायचे. २८ला मी दारात उभी राहून वाट बघायचे आणि त्यातले चार चेहरेही दिसायचे नाहीत. एका वर्षी मंचावर सहा जण होते आणि समोर नऊ. त्या नऊ जणांची नावं मला आजही पाठ आहेत, न आलेल्यांचीही आहेत.

आमच्या वादाचा एक नियम होता. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाईंनी तो पहिल्याच वर्षी घातला. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक वक्त्याने सांगायचं, "अमुक मोजून दाखवलंत, तर मी हरलो." मोठमोठ्या आवाजाचे वक्ते या दोन मिनिटांत अडखळायचे. एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं, "काहीही दाखवा, मी मानणार नाही." बाईंनी त्यांना शून्य गुण दिले. ते पुन्हा आले नाहीत, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

फिटरदादांचं भाषण मला फार आवडायचं. कणाचे गुण मोजण्याआधीच ठरलेले असतात की मोजताना ठरतात, या आइनस्टाइन आणि बोर यांच्या वादात ते ‘आधीच ठरलेले’ म्हणणाऱ्या आइनस्टाइनच्या बाजूने उभे राहत. हातमोज्यांची जोडी आणत, एक मोजा पाकिटात घालून मनमाडला पाठवला आणि दुसरा मालेगावला, असं समजायला सांगत. मनमाडला डावा निघाला की मालेगावचा उजवा हे तिथल्या तिथे कळतं, कारण पाकिटात काय आहे ते आधीपासून ठरलेलं असतं. एकत्र निघून दूर गेलेल्या जोडीच्या कणांचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बँकेतल्या ताईंनी जॉन बेल यांचं १९६४चं गणित मांडलं. सगळं आधीच ठरलेलं असेल, तर वेगवेगळ्या दिशांनी केलेल्या मोजमापांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही. प्रयोगांत तो जातो. २०२२चं नोबेल याच प्रयोगांना मिळालं. दादांनी दोन्ही मोजे उचलून ताईंच्या टेबलावर ठेवले आणि खाली बसले.

पण माझ्या मनात घर करून राहिले ते प्रेसमधले अप्पा. सलग सहा वर्षं ते एकच बाजू मांडत होते: विश्वाला आरंभ नाही. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत त्यांना मुखोद्गत होता. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जातात हे त्यांना मान्य होतं, पण मोकळ्या झालेल्या जागेत थोडंथोडं नवं द्रव्य निर्माण होतं आणि विश्वाचं रूप कायम राहतं, असं ते सांगत. जयंत नारळीकरांनी हॉईल यांच्याबरोबर काम केलं आणि विश्व एका महास्फोटातून सुरू झालं या मताला शेवटपर्यंत प्रश्न विचारले, याचा अप्पांना केवढा अभिमान! आकाशात सर्वदूर पसरलेली मंद उष्णता १९६५ साली जाहीर झाली आणि ती महास्फोटाची खूण मानली जाते, त्याबद्दल कोणी विचारलं, तर म्हणत, "ती ताऱ्यांचीच ऊब, धुळीने विखुरलेली." आणि दरवर्षी त्यांची अट तीच असे. "आज ही उष्णता निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून जास्त थंड काही असूच शकत नाही त्याच्या, पावणेतीन अंश वर आहे. पूर्वी ती जास्त होती असं कोणी मोजून दाखवा. माझ्या विश्वात काल आणि आज सारखेच असतात. पूर्वी ती जास्त दिसली, तर मी हरलो."

सातव्या वर्षी त्यांच्यासमोर उभी राहिली शिवणकाम करणाऱ्या आमच्या काकूंची मुलगी, बारावीतली. आईच्या मशीनवरचं इलॅस्टिक घेऊन आली होती, त्यावर बटणं शिवलेली. तिने ते ताणलं. जवळचं बटण थोडं सरकलं, लांबचं जास्त. दूरची दीर्घिका जास्त वेगाने का पळते, हे त्या इलॅस्टिकमुळे मला पहिल्यांदा नीट समजलं. मग म्हणाली, "अप्पा, इलॅस्टिकबरोबर प्रकाशाची लहरही ताणली जाते, म्हणून ती थंड होते. मागे गेलं तर ती गरम सापडायला हवी." आणि तिने २००० सालचं मोजमाप सांगितलं. खूप दूरचा एक वायूचा ढग. तिथला प्रकाश सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्या ढगातल्या कार्बनच्या अणूंवरून तिथली उष्णता मोजली गेली. ती निरपेक्ष शून्याच्या वर सहा ते चौदा अंशांच्या मध्ये निघाली, आणि महास्फोटाच्या हिशेबाने नऊ यायला हवी होती. दुर्बीण चिलीतली, पण मोजणाऱ्या चमूचे प्रमुख श्रीआनंद, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले. नारळीकरांनी उभारलेल्या आयुकातले.

अप्पा उठले. चष्मा काढून पुसला. "अट मीच घातली होती," म्हणाले. "मोजणाराही आपल्या घरचा निघाला. पोरी, मी हरलो." मग ते तिच्यापाशी गेले आणि ते इलॅस्टिक मागून घेतलं. सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे उभे राहिले होते. हे लिहितानाही माझा गळा दाटून येतो.

२०२१ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. अप्पा मात्र तिन्ही दिवस संमेलनाच्या जागी आडगावला जात होते. मे २०२५मध्ये नारळीकर गेले, तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहिलं, त्यांच्याबद्दल. शाळेचे शिपाईमामा, जे सुट्टीच्या दिवशीही कुलूप उघडून देत. माइकवाला दादा, ज्याने तीन वर्षं भाडं घेतलं नाही. निमंत्रणपत्रिका छापणारे भाऊ. वाचनालयातल्या मावशी, ज्या संदर्भांची पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवत. खुर्च्या टेम्पोतून आणणारी पंचवटीची दोन मुलं. बटाटेवडे आणि चहा बघणाऱ्या तिघी जावा. फळा पुसणारा सहावीतला मुलगा, जो आता इंजिनियर आहे. वर्गणीचा चोख हिशेब ठेवणारे आमचे खजिनदार. कोणी राहिलं असेल तर मला सांगा, मी लिहून ठेवीन.

एक राहिल्याच. वेळ संपल्याची घंटा मंडळाची नव्हती. शाळेशेजारच्या वाड्यातल्या आजी देवघरातली घंटा द्यायच्या आणि सातच्या आरतीला ती परत लागायची, म्हणून वाद सातला संपवावाच लागे. अप्पा हरले त्या दिवशी साडेसात वाजून गेले. आजी घंटा न्यायला आल्या, दारात थांबल्या, मग आत येऊन मागच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी आरती साडेआठला झाली.